तार धरणारी जमीन

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी चुलाण्यात जाळ घातला आणि धूर थेट खोलीत आला. खोलीच्या जमिनीवर चिकटवलेल्या तेलकट कागदाला कपाटाजवळ बोटभर भेग पडली आहे. खाली कोणी बसून विडी ओढत असावं तसा धूर तिथून सावकाश निघत होता. मी खळ करून त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. मग ग्यूसिकचा फोन आला आणि मी मूर्खासारखं त्याला हे सगळं सांगितलं.

"आई, असल्या धुराने माणसं झोपेत जातात."

"मी झोपले नव्हते. भात लावत होते."

"हसण्यावारी नेऊ नकोस. एक तर नवी जमीन करून घे, नाहीतर इकडे ये. किमचीच्या शनिवारी आम्ही येऊ. तेव्हा खोली गरम नसेल किंवा धूर दिसला, तर परतताना गाडीत तू बसलेली असशील."

किमचीचा शनिवार, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबी तिखटात मुरवायचा दिवस, २९ नोव्हेंबरला. दीड महिना आहे.

ग्यूसिक बुचॉन शहरात सतराव्या मजल्यावर राहतो. मी दोनदा जाऊन आले. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. पोरगा चांगला आहे, सून मिरान त्याच्याहून चांगली. पण तिथे मला मरायलाच काय, जेवायलासुद्धा जावंसं वाटत नाही.

आमचं कुदुल ह्यांनी स्वतःच्या हाताने बसवलं, लग्नानंतर चौथ्या वर्षी. चुलाण्यातला जाळ आणि धूर खोलीखालच्या दगडी वाटांतून फिरून पलीकडच्या धुराड्याने बाहेर जातो, आणि वरच्या लाद्या तापतात. ह्यांनी ते चुकवलं. साऱ्या गावात ऊबदार जागा चुलाण्याच्या भिंतीलगत असते, वडीलधाऱ्यांना तिथे बसवतात. आमच्याकडे ती पार खिडकीच्या कोपऱ्यात, माझ्या शिवणयंत्रापाशी. सासरे मरेपर्यंत त्या यंत्राला टेकून बसले आणि बसल्या बसल्या मुलाचा उद्धार करत राहिले.

ह्यांना जाऊन दोन वर्षं आणि एक महिना झाला. मीठ अजून दोघांचंच पडतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मिरानने पत्रकं पाठवली. मी शाळेत गेलेले नाही, मुलाच्या पुस्तकांवर वाचायला शिकले, त्यामुळे हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडवत नाही. तीन प्रकार आहेत. एक, रॉकेलचा बॉयलर: जमिनीखाली नळ्या आणि त्यांतून गरम पाणी. दोन, विजेची फिल्म: कागदासारखी काळी पट्टी अंथरायची, वर फरशी. तीन, आहे तेच कुदुल उकलून पुन्हा बांधायचं. याचं पत्रक नाही, हे मी माझ्या मनाने धरलं.

पत्रकांत सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत जमिनीवर लोळून हसताहेत. कोणाच्याही हातात काम नाही.

दुपारी बॉयलरचा विक्रेता आला. पोरगेलासा, गळ्यात टाय.

"आजी, एक बटण दाबलं की झालं."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर... गरम होणार नाही."

"मग ते माझ्यावरच आलं की."

त्याने चहा प्यायला, दोन खुरमी फळं खाल्ली आणि मी विचार करते म्हटल्यावर उतरल्या चेहऱ्याने निघाला. आणखी दोन खुरमी बांधून दिली.

१९ ऑक्टोबर, रविवार

उलजिनवालीकडे गेले. ती शेजारीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, समुद्राकाठची, त्यामुळे जीभ खारट. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्याकडे सात वर्षांपासून रॉकेलचा बॉयलर आहे आणि या गावात त्याच्याइतकी स्तुती कोणत्याही जावयाची झालेली नाही.

आज तर खोली इतकी तापली होती की मी गळपट्टा काढला, मग स्वेटर काढला.

"बघ ताई, हे असं. वैशाखात बसल्यासारखं. तू त्या धुरात खोकत बस."

"दिवसभर चालू ठेवतेस?"

"मग काय शोभेला आणलाय?"

निघाले तर गळपट्टा राहिला म्हणून दारातून परत फिरले. मागच्या खोलीतली बॉयलरची घरघर तेवढ्यात बंद झाली होती. आपोआप बंद होणारा असणार. पत्रकात तसं लिहिलं आहे: योग्य तापमान झालं की यंत्र स्वतः थांबतं. चांगली सोय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ग्यूसिक रोज सकाळी विचारतो, "काय ठरलं?" मी रोज म्हणते, "बघतेय." खरं तर कसं बघायचं तेच कळत नव्हतं. पत्रकं सगळी स्वतःचीच कौतुकं करतात, आणि शेजाऱ्याच्या खोलीत घटकाभर बसून काय कळणार. घटकाभर कोणाचंही घर गरम असतं.

आज सोयाबीन निवडताना सुचलं. छोंगुक लावायचं म्हणजे सोयाबीन शिजवायचं, टोपलीत पेंढा घालून त्यावर पसरायचं, गोधडीत गुंडाळायचं आणि जमिनीच्या ऊबदार जागी तीन दिवस ठेवायचं. जमीन खरी असेल तर दाणे आंबून चिकट तार धरतात. जास्त तापली तर करपतात, थंड पडली तर नुसते शिजलेले दाणे राहतात. त्याला बटण कळत नाही, जाहिरात कळत नाही, आणि ते दिवसरात्र जागं असतं.

तीन टोपल्या केल्या. एकाच पातेल्यातले दाणे, एकाच गंजीचा पेंढा. एक सरपंचांच्या नव्या घरी, तिथे विजेची फिल्म आहे. एक उलजिनवालीकडे. एक माझ्या खोलीत, यंत्रापाशी.

सरपंचांची सून युनजो टोपलीकडे बघत म्हणाली, "आजी, याला वास येतो का?"

"चांगलं झालं तर येतो."

"आणि वाईट झालं तर?"

"तरी येतो."

उलजिनवाली मात्र टोपली घेताना घुटमळली. "तीन दिवस? म्हणजे रात्रीसुद्धा?"

"दाणे रात्री घरी जात नाहीत."

"ठेव," म्हणाली. चहा विचारला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

युनजोचा फोन. पडद्यांना वास लागला. उद्या काढा म्हटलं, आज काढलं तर परीक्षा अर्धवट राहील. ती म्हणाली, "कोणाची परीक्षा?" मी म्हटलं, "तुझ्या जमिनीची." ती लगेच उद्यापर्यंत ठेवते म्हणाली, सरपंचांच्या घरात अशा गोष्टींची चिंता असते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल.

विजेची फिल्म: तळाचे दाणे फुटाण्यासारखे, वरचे ओले. गोधडीखाली उष्णता कोंडली, यंत्र घाबरून बंद पडलं, मग थंड झाल्यावर पुन्हा लागलं, असं तीन दिवस. घरी येऊन पत्रक पुन्हा वाचलं. अकराव्या पानावर बारीक अक्षरात: अंथरूण घडी करून जमिनीवर ठेवू नये. लिहिणारा झोपतो कुठे, कपाटात?

माझं कुदुल: खोली धुराने भरलेली, मी दोनदा बाहेर जाऊन खोकले, पण चमचा घालून उचलला तर हातभर तार. असं छोंगुक तीन वर्षांत झालं नव्हतं.

रॉकेलचा बॉयलर: काहीच नाही. तार नाही, वास नाही, बुरशीसुद्धा नाही. आत्ता पातेल्यातून काढल्यासारखे दाणे, आणि थंड. मला आश्चर्य वाटलं. एवढी तापणारी खोली आणि दाण्यांना कळलंच नाही.

तिला म्हटलं, "तुझा बॉयलर बिघडलाय."

"बिघडायला काय झालं? तुझे दाणेच जुने."

"माझ्या घरी तार धरलेले दाणे तुझ्याकडे येऊन म्हातारे झाले का?"

"ताई, आपण माणसाच्या घराची परीक्षा सोयाबीनकडून घेत नाही," असं म्हणून तिने टोपली माझ्या हातात दिली आणि दार लावलं.

मग मी रागाने वहीत बॉयलरवर काट मारली. यंत्राचा दोष असणार, दुसरं काय. कंपनीला पत्र लिहावं म्हणते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवस ती बोलत नाही. कोबीच्या वाफ्यात पाठ करून उभी राहते. माझ्या बाजूला बघायचं नाही म्हणून आज तिने एकाच कोबीचे किडे तासभर काढले. त्या कोबीवर किडा उरला नाही, कोबीही फारसा उरला नाही.

ग्यूसिकने बुचॉनच्या खोलीत भिंतींना माझ्यासाठी नवा कागद लावला म्हणे. निळी फुलं. फोटो पाठवला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दव गोठलं. तिच्या धुराड्यावर, म्हणजे बॉयलरच्या नळीवर, चिमणी बसलेली दिसली. गरम नळीवर चिमणी इतका वेळ बसत नाही. मी छोंगुकची वाटी घेतली आणि हाक न मारता आत गेले.

ती खोलीच्या मधोमध बसली होती. अंगात पुरुषाचा जाड कोट, डोक्यावर लोकरी टोपी, पाय गोधडीत, खाली हातभर विजेची गादी. तोंडातून वाफ येत होती. माझ्या पायाखालची जमीन घाटातल्या दगडासारखी गार.

तिने मला बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर उठून बटण दाबायला निघाली.

"बस खाली," मी म्हटलं.

"आत्ताच बंद केला होता. फार उकडत होतं."

"टोपी घालून?"

ती बसली. मी वाटी दोघींच्या मधे ठेवली. वास तर येतच होता.

"कधीपासून?"

"तू येतेस तेव्हा लावते की. मुली येतात तेव्हा लावते. पोस्टमन आला तरी लावते एखादवेळी." मग हळूच म्हणाली, "एकटीसाठी हात होत नाही ताई. खरंच. बटणापर्यंत जातो आणि मग वाटतं, कोण बसलंय इथे? मीच तर. मग राहू दे म्हणते."

"रॉकेल महाग म्हणून?"

"तेही सांगते लोकांना."

मी तिला रागावणार होते. तोंड उघडलंही. पण मला आठवलं की हे गेल्यापासून मी भाताला एक दिवसाआड जाळ घालते आणि मधल्या दिवशी थंडच खाते, आणि ग्यूसिकला सांगते की गरम केलं. म्हणून तोंड मिटलं.

"खा," म्हटलं. "तार धरलीय."

तिने खाल्लं. म्हणाली, "मीठ जास्त आहे."

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. कुदुलच पुन्हा बांधायचं, एका खोलीपुरतं.

कारण लिहून ठेवते, नाहीतर ग्यूसिकसमोर विसरायला होईल. बॉयलर वाईट नाही. वीजही वाईट नाही. पण दोन्हींना बंद करायचं बटण आहे, आणि बटण माझ्या हाताशी आहे, आणि मी मला ओळखते. दगडाला बटण नसतं. संध्याकाळी भातासाठी एकदा जाळ घातला की लाद्या दुसऱ्या दुपारपर्यंत गरम. पाहुणा गेला म्हणून गार होत नाहीत. आपण एवढ्या ऊबेच्या लायकीचे आहोत का, हे विचारायची संधीच मिळत नाही.

गावात कुदुल बांधणारा एकच उरला, बे मिस्त्री. वय त्र्याऐंशी. फोन केला तर म्हणाला, "मी अजून मेलो नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

८ नोव्हेंबर, शनिवार

बे मिस्त्रीने कागद फाडला, माती काढली, लाद्या उचलल्या. एक तर पार दुभंगली होती, धूर तिथूनच येत होता. बाकी दगड चांगले आहेत म्हणाला. खाली पन्नास वर्षांची काजळी, मखमलीसारखी.

खिडकीच्या बाजूला तो बराच वेळ वाकून बसला. "हे कोणी केलं?"

"ह्यांनी. चुकलंय ते. सासरे नेहमी म्हणायचे."

"चुकलेलं नाही. वाट मुद्दाम वळवलीय. हे बघा, इथे आडवा दगड, इथे कड तासलीय. सगळा जाळ आधी या कोपऱ्यात जावा म्हणून. याला चारेक दिवस तरी जास्त लागले असतील. इथे काय असायचं?"

"काही नाही. माझं शिवणयंत्र. रात्री मी तिथे वाचत बसायचे."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हातारा झालाय, मधेच हरवतो. मी म्हटलं, "अहो, ह्यांना बैलगाडी सरळ वळवता यायची नाही, दगड कुठला वळवणार. नक्कीच चुकलं असेल आणि लाजेने बोलले नसतील."

"सरळ करू का?"

मी विचार केला. पण ते यंत्र हलवायला फार जड आहे. "असू दे," म्हटलं.

खोली उघडी असेपर्यंत उलजिनवालीकडे झोपते. तिच्याकडे सध्या बॉयलर रात्रभर घरघरतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उलजिनवाली रोज कामावर येऊन बसते आणि मिस्त्रीला सल्ले देते.

"एवढी घाई कशाला मिस्त्री? माती नीट मळू द्या. दम खा."

"बाई, थंडी पडायच्या आत माती सुकायला हवी."

"सुकेल हो. ताईला काही घाई नाही. माझ्याकडे आहे ती आरामात."

मी तिला सांगितलं, मला घाई आहे, २९ तारीख आहे. त्यावर तिने मिस्त्रीच्या जेवणात दुप्पट भात वाढला आणि तो तासभर झोपला. तिला कामाची समज नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लाद्या बसल्या, सांधे मातीने भरले. मिस्त्रीने चुलाण्यात ओला पेंढा पेटवला. त्याचा धूर जाड आणि पांढरा, कुठे केसाएवढी फट असली तरी वर येतो. तो, मी आणि उलजिनवाली, तिघं खोलीत ओणवे होऊन नाक जमिनीला लावून फिरलो. बाहेरून सरपंच गेले, त्यांनी खिडकीतून बघितलं आणि पावलं उचलून पुढे गेले.

दोन ठिकाणी आला. पुन्हा माती. मग आला नाही. सगळा धूर धुराड्याने शहाण्यासारखा वर गेला.

"झालं," मिस्त्री म्हणाला. "आता आठ दिवस बारीक जाळ. मग कागद."

उलजिनवाली म्हणाली, "आठ दिवस म्हणजे दहा धरा."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कागद लागला. वाटलेलं सोयाबीन आणि तेल फडक्यात बांधून त्या पुरचुंडीने आम्ही दोघींनी मिळून सगळी जमीन घासली. पिवळी धमक झाली, हात घसरतो.

आज मी घरी परत आले. तिने माझं गाठोडं दारापर्यंत आणून दिलं, आणि बॉयलरचं पत्रक वाचून दाखव म्हणाली, बटणाचा काही दोष आहे का बघ. तिला वाचता येतं. मी वाचून दाखवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी जाळ घातला. सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या, वास गोड येतो. एक दिवसाआड नाही, रोज घालायचा असं ठरवलंय. भिंतीपलीकडे हाक मारली.

"अगं, लाद्या तापल्यात. आता विझवता येत नाहीत. वाया जातील."

"मी जेवलेय."

"जेवायला कोण बोलावतंय? पाठ शेकायला ये."

ती आली. काखेत उशी होती. म्हणाली, "उन्हात टाकली होती, हातातच राहिली."

२९ नोव्हेंबर, शनिवार

लवकर लिहून ठेवते, हाताला तिखटाची आग होतेय.

ग्यूसिक आणि मिरान नऊला आले. त्याने गाडीची मागची बाजू रिकामी ठेवली होती, माझ्या सामानासाठी. मी बघितलं, त्याने मी बघितलेलं बघितलं. सत्तर कोबी होते, म्हणून सगळे सरळ कामाला लागलो. उलजिनवालीने कोबीत तिखट भरता भरता त्याला ऐकवलं:

"काय रे, आईला न्यायला आलास? ने की. मग लाकडं कोण फोडणार? म्हणजे, मी फोडेन, पण कोणासाठी?"

"मावशी, आईचं वय एकाहत्तर आहे. तिने कुऱ्हाड चालवायची?"

"मी एकोणसत्तरची. तरणी आहे. कुऱ्हाड माझ्याकडे." तिने दंड दाखवला. दंड मला काही खास वाटला नाही, पण मिरानने हात लावून मान डोलावली.

जेवण झालं. ग्यूसिक तपासणीला उठला. भेगा बघितल्या, कपाट सरकवून बघितलं, धुराच्या विषारी वायूचा भोंगा आणला होता तो भिंतीला लावला. भोंगा गप्प. मग मला समोर बसवलं आणि म्हणाला, "आई, हे झालं ते चांगलंच झालं. पण हा कायमचा उपाय नाही. मला नीट बोलायचंय. पाठ जरा दुखतेय, एक मिनिट टेकतो, मग बोलू."

तो खिडकीच्या कोपऱ्यात आडवा झाला. "बॉयलरचं कसं असतं, की..." एवढं म्हणाला.

दोन वाजले होते. अडीचला मिरान म्हणाली, उठवू का. तीनला तिने हाक मारली. चारला पाय हलवला. उलजिनवालीने कानाशी पातेलं ठेवून झाकण पाडलं. त्याने फक्त कूस बदलली. तोंड उघडं, एक हात जमिनीवर पसरलेला. मिरान म्हणाली, नवऱ्याला असं झोपलेलं तिने किती वर्षांत बघितलं नव्हतं, घरी तो रात्री दोनदा उठतो. मग तीही भिंतीला टेकली, मग घसरली.

आम्ही दोघींनी बाहेरची भांडी घासली. आवाज होऊ नये म्हणून सावकाश.

सहाला उठला. गालावर कागदाच्या शिवणीची रेघ उमटलेली, डोळे लहानपणीसारखे. खिडकीबाहेर अंधार बघून गोंधळला. मी वाट बघत होते की आता बुचॉनचं काढेल.

तो म्हणाला, "आई, रात्रीचं जेवण काय आहे?"

गाडीच्या मागच्या बाजूला किमचीचे डबे भरले, जागा पुरली नाही. निघताना मिरानने काच खाली केली. "आई, पुढच्या शनिवारी आलो तर चालेल?"

"या की," म्हटलं. "फक्त उश्या आणा. इथे दोनच आहेत, त्या दोन्ही लागतात."